खांबाच्या पोटात

भिंत फुगली आहे हे सगळ्यांत आधी वहिनीच्या लक्षात आलं, आणि घरात ते कुणी मानलं नाही.

स्वयंपाकघर आणि गिरणी यांच्यामधली ती जुनी दगडमातीची भिंत. पलीकडे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पिठाची गिरणी घरघरायची आणि अलीकडे वहिनीची भांडी तिच्या तालावर थरथरायची. भिंतीला लावून एक लाकडी कपाट होतं. आधी कपाटाच्या मागून केरसुणी सहज फिरायची. मग हातच तेवढा जायला लागला, मग बोटं, मग तीही जाईनात.

"अहो, भिंत पुढे येतेय," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"कपाट मागे गेलं असेल," भाऊ म्हणाला.

"कपाटाला काय पाय फुटले?"

भाऊ हसला आणि सायकल काढून कामावर गेला. पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्याची नोकरी होती. मोटार चालू आहे की बंद, एवढं बघून त्याचा दिवस सरायचा. त्यामुळे जे चालू आहे ते ठीकच आहे, असं मानायची त्याला सवय लागली होती.

गिरणी आक्का चालवायची. आक्का म्हणजे भाऊची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि वडिलांचे हात थकल्यावर गिरणीच्या पट्ट्यापाशी उभी राहिली, ती उभीच. हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. पापण्यांवर कायम पीठ. वहिनीला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण वन्संनी कधी चांगलं म्हटलंय असं तिला आठवत नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. फक्त वहिनीनं लावलेली कडी आक्का उठून परत एकदा बघायची. वहिनीला ते कुसळासारखं टोचायचं.

एका दुपारी दळण चालू असताना त्या भिंतीतला एक दगड सुटला आणि आक्काच्या पायापाशी येऊन पडला. वरच्या खोलीची तुळई कण्हल्यासारखी वाजली. आक्कानं खटका खाली केला. वरच्या टोपात गहू तसेच राहिले. तिनं भिंतीला तळहात लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि दारातल्या लोकांना म्हणाली, "ज्याचं त्यानं न्या. आजपासून बंद."

दिवस सुगीचे होते. खळ्यावरून नवा दाणा घरोघर येत होता. वर्षाचं दळण ज्या दिवसांत होतं, त्याच दिवसांत गिरणीला कुलूप लागलं.

मिस्त्री आला. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची. अंगानं काटकुळा, पण चालायचा असा की जणू सगळी गल्ली त्याच्या खिशात आहे. त्यानं ओळंबा सोडला, दोरीचं टोक भिंतीपासून कुठवर लांब राहतं ते बघितलं आणि तोंडातल्या तोंडात च् च् केलं.

"हिला डागडुजी चालायची नाही आक्का. भिंत काढायची. दोन टोकांना दोन खांब, वर बीम. वरची खोली बीमवर बसवायची. मग गिरणी काय, आगगाडी आणून ठेवा आत."

"परवानगी?"

"ती लागते," मिस्त्री नाखुशीनं म्हणाला. "तीनदा बघून जातात. खड्डा बघतात, सळ्या बघतात, आणि टेकू काढताना बघतात. आपला वेळ खातात, दुसरं काय."

परवानगीचा अर्ज आक्कानं स्वतः नेऊन दिला.

पाहणीला जो माणूस यायचा त्याला लोक ठोकसाहेब म्हणत. कारण तो बोलण्याआधी ठोकायचा. खिशात लहानशी हातोडी असायची. भिंत, फरशी, लाकूड, जे समोर येईल त्याला ती लावून कान द्यायचा. वय उताराला लागलेलं, डावा गुडघा वाकत नसे. जुन्या स्कूटरवरून उतरताना तो आधी ताठ पाय वर घ्यायचा आणि मग बाकीचा माणूस उतरायचा.

पहिल्याच खेपेला तो तसाच ताठ पायानं खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरला. सगळे काठावर उभे. त्यानं पहार मागितली, तळाला मारली. पहार भसकन आत गेली.

"अजून खाली."

"साहेब, याच्या निम्म्या खड्ड्यावर अख्खी गल्ली उभी आहे," मिस्त्री म्हणाला.

"गल्लीत गिरणी एकच आहे. कठीण लागेपर्यंत खाली जा."

वर येऊन त्यानं वरच्या खोलीला लावलेले टेकू बघितले. एकाला हात लावून नुसता हलवला. टेकू हलला. साहेबानं मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं छताकडे.

"हा उभा आहे, धरत नाहीये," साहेब म्हणाला. "याच्या खाली फळी घाला, पाचर ठोका, अजून टेकू आणा. तोवर भिंतीला हात लावायचा नाही."

तो गेल्यावर भाऊ तडकला. "याला काय जातंय सांगायला! इथं गिरणी बंद, घरात धूळ, शेगडी अंगणात..."

दुसऱ्या दिवशी उजाडताच साडीचा काचा मारून आक्का खड्ड्यात उतरली. मिस्त्रीचे गडी यायच्या आत तिनं काठावर मातीचा ढीग घातला होता. वहिनीनं तो ढीग बघितला, पदर खोचला आणि घमेलं उचललं. आता उभं राहून बघण्यात काही अर्थ नव्हता. एक खणायची, एक वाहायची. दुपारपर्यंत वहिनीच्या मानेत लोखंड भरल्यासारखं झालं. घमेल्याच्या काठानं डोक्याला वळ पडला. अंगणातल्या शेगडीवर शिजवलेल्या भातात वाऱ्यानं माती पडायची आणि दाताखाली कचकच व्हायची. भाऊ तोंड वाकडं करून खायचा. आक्का चावायची आणि गिळायची.

तशात घरातलं पीठ संपलं. गिरणीवाल्यांच्या घरातलं पीठ संपलं! ओढ्यापलीकडे दुसरी गिरणी होती. आक्कानं डोक्यावर पोतं घेतलं, वहिनीनं डबा घेतला, आणि दोघी तिथं जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. रांगेतले अर्धे लोक त्यांचेच गिऱ्हाईक. कुणी खाली बघितलं, कुणी उगाच पोत्याची गाठ सोडून परत बांधली.

तिथला मालक मात्र खुलला. "या या आक्का! आज आमच्याकडे वाट वाकडी केलीत?"

वहिनीचे कान तापले. आक्कानं पोतं खाली ठेवलं, पडतं पीठ चिमटीत घेतलं आणि बोटांवर चोळलं.

"पीठ गरम येतंय तुझं," ती म्हणाली. "दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लाव."

परतताना ओढ्याच्या उतारावर वहिनीला हसू आवरेना. डोक्यावरचा डबा डुगडुगायला लागला. आक्कानं मागं वळून बघितलं. "सांडशील," एवढंच म्हणाली, पण हसू दाबताना तिच्याही पापण्या मिटल्या होत्या.

दोन्ही खड्डे खाली गेले, कठीण लागलं. टेकू वाढले. साहेबानं परत येऊन पहार मारली. ती खणखणली तेव्हा त्यानं मान हलवली. भिंत उतरवली गेली. मधली जागा उघडी पडली आणि घर अचानक भोकासारखं दिसायला लागलं. वरची खोली नुसत्या टेकूंच्या रानात उभी.

मग लोखंड आलं. खांबात उभ्या सळ्या असतात, आणि त्या सळ्यांना आवळून धरायला जागोजाग चौकोनी रिंगा. त्या रिंगा वाकवायचं काम मिस्त्रीनं वहिनीला दाखवलं. फळीवर खिळे ठोकलेले, त्यात सळई अडकवायची आणि पाइपाच्या तुकड्यानं वळवायची.

"दोन्ही टोकं आत वळली पाहिजेत," मिस्त्री म्हणाला. "बाहेर राहिली तर वजन आल्यावर रिंग उघडते. उघडली की सळ्या फाकतात. सळ्या फाकल्या की झालं."

पहिल्या काही रिंगा तिरक्या झाल्या. मग हाताला वळण लागलं. पाठ भरून यायची, तळव्याला गंजाचा वास लागायचा, पण चौकोन असे निघायचे की एकावर एक ठेवले तर विटांचा थर वाटावा. मिस्त्रीनं एक उचलून डोळ्यासमोर धरली. "वहिनी, तुम्हाला कामावर ठेवतो."

"आधी आमचं काम उरका," वहिनी म्हणाली. पण त्या दिवशी ती अंगणात गुणगुणत होती.

सळ्या बांधून होत आल्या तेव्हा दुसऱ्या पाहणीचा दिवस आला आणि गेला. साहेब आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिकडे आभाळ भरून आलं. अवेळी वारा सुटला, टेकूंवरची ताडपत्री फडफडायला लागली. आक्का म्हणाली, "मी कचेरीत जाऊन बघते," आणि सकाळच्या गाडीनं गेली.

ती गेल्यावर मिस्त्रीनं आभाळाकडे बघितलं. माल कालवायचं यंत्र दारात उभं होतं. गडी बसून होते.

"भाऊ, पाऊस आला तर सिमेंट भिजेल आणि यंत्र उद्या दुसरीकडे जाईल. खांब भरून घेऊ. बीमच्या सळ्या साहेबांना दाखवू. त्यांना काय, लोखंड बघितल्याशी कारण."

"आक्का येऊ दे की," वहिनी म्हणाली.

भाऊनं टेकूंकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "भरा," म्हणाला.

एकदा यंत्र फिरायला लागलं की कुणाला थांबून विचार करता येत नाही. वहिनीनंही घमेली वाहिली. वारा, धूळ, आरडाओरडा, "आण, आण, लवकर आण!" एक गडी शिडीवर चढून दुसऱ्या खांबाच्या वरच्या टोकाला राहिलेल्या रिंगा बांधत होता आणि खालून माल चढतही होता. दुपार कलायच्या आत दोन्ही खांब भरले. आणि पाऊस आलाच नाही. ढग आले तसे गेले.

सगळे हातपाय धुवायला गेल्यावर वहिनी अंगण आवरायला लागली. सिमेंटचं रिकामं पोतं उचललं तर खाली रिंगा. तिच्याच हातच्या, दोन्ही टोकं आत वळलेल्या. ती उकिडवी बसली आणि बघत राहिली. वाकवताना मिस्त्रीनं सांगितलं होतं तेवढ्याच तिनं केल्या होत्या, एकही जास्त नाही. या इथं आहेत म्हणजे तिथं नाहीत.

भाऊ आला तेव्हा तिनं त्याला दाखवल्या.

"असतील चार जास्तीच्या."

"जास्तीच्या नाहीत. मी वाकवल्यात, मला माहीत आहे. वरच्या बाजूला घातल्याच नाहीत त्या गड्यानं."

भाऊनं रस्त्याकडे बघितलं. "हे बघ, खांब भरलाय. आतलं आत गेलं. आता तोंड उघडलंस तर सगळं फोडायला लावील तो. आक्काला काय सांगू मी? गप्प बस."

ती गप्प बसली. रिंगा परत पोत्याखाली गेल्या.

संध्याकाळच्या गाडीनं आक्का आली. साहेबाचा गुडघा सुजला होता, म्हणून तो आला नव्हता. उद्या सकाळी नक्की येतो म्हणाला होता. हे सांगत ती आत आली आणि समोर ओले, करडे, भरलेले दोन खांब बघून थांबली. न जेवता उठली.

सकाळी साहेब आला. ताठ पाय, मग बाकीचा माणूस. खांब बघितले. त्यानं हातोडी खिशातून काढलीसुद्धा नाही.

"जे मी बघितलं नाही त्यावर सही कशी करू?"

"आभाळ आलं होतं साहेब," मिस्त्री म्हणाला. "माझा शब्द आहे. इतकी वर्षं..."

"तुमच्या शब्दाबद्दल मी काही म्हटलं नाही. पण सही माझी लागते. शहरातून यंत्र मागवून आतलं बघता येतं, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. नाहीतर जागोजाग फोडून दाखवा."

मिस्त्रीनं भाऊला बाजूला घेतलं, पण गिरणीत बाजू अशी राहिलीच नव्हती. सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेबांना जरा खूश करून टाकू की."

"साहेब होतील खूश," आक्का म्हणाली. "खांब होईल का?"

साहेब तोंड फिरवून भिंतीच्या उरलेल्या दगडांकडे बघत राहिला. मिस्त्री लाल झाला.

"फोडा," आक्का म्हणाली.

"मी नाही फोडणार. माझ्या हातानं घातलेला खांब मी फोडू? चोर ठरवता मला?" आणि तो उंबऱ्यावर जाऊन पाठ करून बसला. गडी त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

आक्का आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गिरणीच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी होती. साहेबानं पहिल्या खांबावर खडूनं तीन जागी चौकोन काढले, खाली, मध्ये आणि वर. आणि आपला चष्मा काढून तिच्यापुढे धरला. "डोळ्यांत जाईल. लावा."

साहेबाचा जाड चष्मा लावून आक्का खांबापुढे बसली. दिसायला मोठी गंमत होती, पण कुणी हसलं नाही. कालचा माल पुरता पिकला नव्हता, तरी दगडासारखाच होता. टक्, टक्, टक्. छिन्नी तिरकी, घाव हलका. जात्याच्या दगडाला खाचा पाडताना जितकं उडायला हवं तितकंच उडवायचं, तसं ती नखाएवढा तुकडा उडवत होती. तिच्या मानेवरून घामाची धार उतरून पोलक्यात शिरत होती. मधल्या चौकोनापर्यंत आली तेव्हा अंगठ्याशेजारचा फोड फुटला होता. ती छिन्नी दुसऱ्या हातात घ्यायची, हात लुगड्याला पुसायची, पुन्हा सुरू. वरच्या चौकोनासाठी शिडीवर चढली. खाली शिडी धरून वहिनी. उडालेली कच तिच्या डोक्यावर पडत होती.

वन्संनी एकदा तरी कण्हावं, असं वहिनीला वाटत होतं. नुसतं एकदा. तिची नजर पुन्हापुन्हा अंगणातल्या पोत्याकडे जात होती.

तिन्ही चौकोन उघडले. सळ्या दिसल्या, रिंगा दिसल्या, जिथल्या तिथे. साहेबानं चष्मा परत घेतला, पुसला, टॉर्च मारून बघितलं. बोट घालून रिंग ओढून बघितली.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला.

उंबऱ्यावरून मिस्त्री उठून आत आला. "बघा! मी काय सांगत होतो!" भाऊचे खांदे खाली आले. गडी हसले. साहेब दुसऱ्या खांबाकडे वळला, त्यानं तो वरपासून खालपर्यंत बघितला, मग आक्काच्या हाताकडे बघितलं. हात रक्तानं आणि सिमेंटनं माखला होता.

"खरं तर हाही उघडायला हवा," तो जरा अडखळत म्हणाला. "पण एकाच हातचं, एकाच दिवसाचं काम. या एकावरून..."

"थांबा," वहिनी म्हणाली.

तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. ती शिडी सोडून अंगणात गेली, पोतं ओढून बाजूला केलं आणि आत आली, तेव्हा तिच्या हातात कोपरापर्यंत रिंगा अडकवलेल्या होत्या. त्या एकमेकींवर खणखणत होत्या.

"दुसरा फोडा. वरच्या बाजूला. या तिथं असायला हव्या होत्या."

भाऊ जमिनीकडे बघत होता. आक्का जवळ आली, एक रिंग वहिनीच्या हातातून काढून घेतली, तिची टोकं चाचपली.

"तू वाकवलेल्या?"

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"काल दुपारपासून." मग रिंगांकडे बघत, "सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

भाऊ मान वर न करता म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं. मीच गप्प बसवली."

आक्कानं दोघांकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती रिंग परत वहिनीच्या हातात घातली, कुणी बांगडी घालावी तशी, आणि म्हणाली, "मग यांची जागा आत आहे. चल." आणि शिडी उचलून दुसऱ्या खांबाला लावली.

ती पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तोच मिस्त्री पुढे आला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. ज्या गड्यानं वर बांधलं होतं तो कोपऱ्यात उभा होता. आता आपल्यावर येणार म्हणून त्यानं अंग चोरलं होतं. मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"द्या इकडे," त्यानं आक्कापुढे हात केला. "खांब माझा आहे. मी वर चढून बघायला हवं होतं, मी खालीच उभा राहिलो."

आक्कानं छिन्नी दिली.

त्यानं जे फोडलं त्याला फोडणं म्हणावं की सोलणं! एकदाही हात आखडला नाही. खांबाचा वरचा भाग त्यानं सळ्यांपर्यंत मोकळा केला, आणि खरोखरच तिथं उभ्या सळ्या नुसत्याच उभ्या होत्या. त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं. साहेब शिडीच्या तळाशी उभा राहून वर बघत होता. "वजन इथंच येणार होतं," तो हळूच म्हणाला. "बीम इथंच बसतो." मग वहिनीकडे वळून, "मी आत्ता सोडून देत होतो हो." त्याला जे म्हणायचं होतं ते एवढंच असावं, कारण नंतर बराच वेळ तो खडू खिशात घालत आणि काढत राहिला.

रिंगा एकेक करून आत गेल्या. वहिनी खालून देत होती, मिस्त्री वरून घेत होता आणि प्रत्येक गाठ दोनदा पिळत होता. काम झालं तेव्हा साहेब ताठ पायानं शिडी चढला. एक पायरी, थांबायचा, दुसरी पायरी. वर जाऊन त्यानं एकूणएक रिंग ओढून बघितली. उतरून सही केली. माल पडला तेव्हाही तो जागचा हलला नाही. पुढे बीमच्या सळ्या बांधल्या, त्याही त्यानं अशाच बघितल्या आणि मग बीम भरला.

पुढचे दिवस पाण्याचे. खांबाला आणि बीमला गोणपाटं गुंडाळली होती, ती ओली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ वहिनी बादली घेऊन चढायची. भाऊनं न सांगता पाणी भरून ठेवायला सुरुवात केली. कामावरून आला की आधी तो गोणपाटाला हात लावून बघायचा, मग चहाचं विचारायचा. एकदा बादली देता देता म्हणाला, "त्या दिवशी तू बोलली नसतीस तर..." वहिनीनं बादली घेतली.

टेकू काढायचा दिवस आला. साहेबानं सगळ्यांना घराबाहेर काढलं.

"मी आत थांबते," आक्का म्हणाली. "घर माझं आहे."

"म्हणूनच बाहेर," साहेब म्हणाला.

मग सगळे समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. आपल्याच घराकडे पाहुण्यासारखं बघत. शेजारपाजारचेही जमले. आत फक्त मिस्त्री आणि दारात साहेब. पाचरीवर हातोडा बसल्याचा आवाज यायचा, मग लाकूड पडल्याचा, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांब वाटायचं. वहिनीच्या शेजारी आक्का उभी होती. तिनं वहिनीचं मनगट कधी धरलं ते दोघींनाही कळलं नसावं. हात खरखरीत होता, सुकलेल्या जखमेची खपली लागत होती.

शेवटचं लाकूड पडलं. मिस्त्री बाहेर आला, धुळीनं पांढरा, आणि तोही वळून लोकांत उभा राहिला.

साहेब आत गेला. दिसेनासा झाला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, एक जड, एक हलकं. मग वरच्या खोलीची खिडकी उघडली आणि तो खोलीच्या मधोमध उभा असलेला दिसला. त्यानं खिशातली हातोडी काढली नाही. चांगला गुडघा वाकवला, आणि त्या वयाचा, त्या पायाचा माणूस जागच्या जागी उडी मारून जमिनीवर आदळला. गल्लीतून कुणीतरी "अरे!" म्हणालं. त्यानं पुन्हा एकदा उडी मारली. मग खाली उतरून बीमच्या खालून टॉर्च फिरवत गेला आणि थोड्या वेळानं दारात आला. घामाघूम झाला होता.

"या आत," तो म्हणाला. "घर तुमचंच आहे."

गिरणी लावायला, दगड बसवायला, पट्टा चढवायला आणखी काही दिवस गेले. चालू झाली त्या दिवशी पोत्यांची रांग रस्त्यावर आली होती. आक्का एकीकडे टोपात दाणे ओतत होती, एकीकडे पीठ चिमटीत घेऊन बघत होती. दुपारचं जेवण झाल्यावर वहिनी वर गेली, पाठ टेकावी म्हणून. खालची घरघर जमिनीतून अंगात येत होती. पाठ टेकली आणि तिला गाढ झोप लागली.

तिकडे खाली काय झालं ते तिला शेजारणीनं मागाहून सांगितलं. शेजारीण दळण घेऊन आली होती. तिनं विचारलं, "वहिनी कुठे दिसत नाहीत?" गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, तशी ती ओरडली. आक्कानं वर बोट दाखवलं. दोन्ही हात जोडून गालाशी नेले, डोळे मिटले, म्हणजे झोपलीय. मग सगळी गिरणी घरघरत असताना, कानापाशी ओरडलेलंसुद्धा ऐकू येत नसताना, आक्कानं रांगेतल्या एकेकाकडे बघून तोंडावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना गप्प बसवलं.